सर्वडाची गुटी

१

सर्वडाला रोज पाणी घालावं लागत नाही. डोंगरातलं झुडूप ते. जमिनीत एकदा बसलं की आपलं आपण बघतं. तरी सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी तांब्या घेऊन मागच्या दारी जात असे आणि त्याच्या बुंध्याशी पाणी ओतत असे. पावसाळ्यातसुद्धा. एका हातात छत्री धरून भिजलेल्या झाडाला पाणी घालणारी बाई बघून शेजारी हसत नसत, दुसरीकडे बघत. मुलगी गेलेल्या बाईला एवढी सवलत मिळते.

झाड स्पृहानं आणलं होतं. दापोलीला शेतकी शिकत असताना रोह्याच्या मागच्या डोंगरात ती मैत्रिणींबरोबर गेली होती, तिथून. डोंगरातले लोक त्याला भूतकेस म्हणतात. तिला ते नाव आवडत नसे, ती सर्वडच म्हणायची. पावसात त्याला चांदणीएवढी नारिंगी फुलं येतात आणि प्रत्येक झुबक्याखाली एखादंच पान पांढरंशुभ्र होतं. ते पान नव्हे, फुलाचाच भाग, असं ती मला पुनःपुन्हा समजावून सांगायची. लांबून बघितलं तर वाटतं, कोणीतरी झाडाला रुमाल अडकवून ठेवलेत.

बघणारा प्रत्येक जण ते झाड मागायचा आणि स्पृहा कोणालाच नाही म्हणायची नाही. सर्वडाची फांदी नुसती खोचून जगत नाही, गुटी बांधावी लागते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरून सालीचं एक कडं काढायचं, खालचा बुळबुळीत थर नखानं खरवडायचा, त्यावर ओलं शेवाळ थापायचं, वरून प्लास्टिक आणि कापडाची पट्टी. प्लास्टिक ती हमरापूरच्या कारखान्यांतून आणायची, गणपती झाकायला वापरतात ते. पट्ट्या बापाच्या जुन्या बनियनच्या. "पानांनी केलेलं अन्न कड्याच्या खाली जाऊ शकत नाही," ती सांगायची, "मग फांदीला कळतं की आता आपलं आपण बघायला हवं. घाबरून ती मुळं काढते."

मुळं दिसली की गुटी तोडायची. पण ते काम स्पृहा करत नसे. ज्यानं मागितली त्यानं यायचं आणि स्वतःच्या हातानं तोडायची, हा तिचा नियम होता. आईझाडावरून तोडताना तिला बघवत नसे, ती घरात निघून जायची.

पेणमधल्या कितीतरी अंगणांत तिची झाडं आहेत. गेल्या भाद्रपदात ती लेप्टोनं गेली. ताप आला तेव्हा आम्ही साधा ताप समजलो. पुढे कोणाला काही समजून घ्यायला वेळच उरला नाही. तेव्हापासून लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात, तुमच्या स्पृहाचं झाड काय फुललंय म्हणून. माझं तोंड बघून मग घाईनं म्हणतात, विराज आहे ना तुम्हाला.

मी मात्र तिच्याकडे कधी गुटी मागितली नव्हती. झाड घरातच होतं.

२

विराज स्पृहाहून मोठा. डोलवीच्या कंपनीत इंजिनियर होता. आषाढातल्या एका रविवारी सकाळच्या चहाला त्यानं सांगितलं की ओमानमधल्या एका कंपनीचं पत्र आलंय, गणपती झाले की निघायचं. बशीत बघून बोलला. म्हणजे ठरवून झालेलं होतं.

हौसाबाई मोरीत भांडी घासत होती. ती धरमतरकडची, तिच्या माहेरची माणसं मिठागरात काम करतात. आमच्याकडे ती विराजच्या मुंजीपासून आहे, तेव्हा त्याची थट्टा करायचा हक्क तिचा.

"जा रं दादा, जा. पण थितून एखादी गोरी आनलीस तर तिला मासं साफ करायला मी नाय शिकवनार."

विराज हसला. विष्णूही हसला. विष्णू माझा नवरा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो बरंचसं मान्य करत असतो. तो म्हणाला, जाऊ दे त्याला, इथे आता काय आहे? मी उठून कप उचलले. इथे मी आहे, हे सांगायची वेळ येऊ नये असं मला वाटत होतं. ती वेळ आली, आणि मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी घालताना मात्र बोलले. झाडाशी बोलायची मला सवय लागली होती. डॉक्टरांनी त्यात काही वावगं नाही म्हणून सांगितलं होतं. साधंच बोलायचे, आज भाजी काय केली, माझ्या शाळेत कोण रजेवर आहे. त्या दिवशी तोंडातून निघालं, "गावभर सगळ्यांना दिलंस, मला काही ठेवलं नाहीस. आता हाही चालला. हा एक तरी माझ्यापाशी राहू दे."

पाऊस उघडला होता, वारा पडला होता. झाड जसं होतं तसंच होतं. मी तांब्या विसळून आत आले.

३

स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाड दिसतं. पोळ्या करताना नजर तिकडे जाते. त्या आठवड्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की एक पांढरं पान फार खाली आलंय. झुबके शेंड्याला येतात, आणि हे तर गुडघ्याएवढ्या उंचीवर होतं. वारा सुटला की बाकीची पांढरी पानं हलायची. हे हलत नव्हतं.

मी बघायला गेले. ती गुटी होती. ताजी.

आधी मी हात लावला नाही. प्लास्टिक हमरापूरचंच, जाड, थोडं पिवळसर. त्यावर बनियनची पट्टी नव्हती. पांढऱ्या मोज्याचा वरचा रबरी भाग कापून चढवला होता, त्यावर निळी रेघ. दोन्ही टोकांना सुतळीची गाठ. स्पृहा डावखुरी होती. तिच्या गाठीचं शेपूट उलट्या बाजूला यायचं. या गाठीचंही उलट्या बाजूला आलं होतं.

हौसाबाईला मी जरा चिडूनच विचारलं. तिनं झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमीच बांधता नि मलाच इचारता, बाई?"

"मी कशाला बांधू?"

"आता माला काय म्हाईत. सकाली तिच्यासंगं बोलत असता ना तुमी. म्हटलं, शिकवलं आसंल तिनं."

विष्णूला गुटी बांधता येत नाही. त्याला बुटाची नाडीही धड बांधता येत नाही. मग उरले मी. रात्री मी झोपेची गोळी घेते, गेल्या वर्षापासून. गोळीच्या गुंगीत माणसं चालतात, स्वयंपाक करतात, असं मी वाचलं आहे. मी नखं उजेडात धरून बघितली. त्यात पोळीची कणीक होती.

त्या दिवशी विराज कामावरून आला आणि पडवीतून ओरडून म्हणाला, "आई, माझा एक मोजा कुठे गेला? नवी जोडी होती." मोजे हरवतातच. मी म्हटलं, मशीनमध्ये अडकला असेल.

४

दुसऱ्या दिवशी शाळेतून परत आल्यावर मी ती गुटी सोडली. ओल्या शेवाळाला स्पृहाच्या शेवाळाच्या पोत्याचा वास होता, पडवीच्या माळ्यावर अजून पडलेल्या. शेवाळाखाली सालीचं कडं गेलेलं. कडा सरळ, मधलं लाकूड हस्तिदंतासारखं. नखानं, काळजीनं खरवडलेलं. असं खरवडलं की साल पुन्हा जुळून येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी शेणमाती कालवून त्या जागी लिंपली आणि वरून फडकं गुंडाळलं.

हात धुऊन पडवीत आले तर विराज पायरीवर बसून सेफ्टी शूज काढत होता. डाव्या पायातला मोजा त्यानं खाली ओढला आणि घोट्याच्या वर खाजवलं.

तिथे कडं होतं. दोन बोटं रुंद, पायाला पूर्ण वळसा घालून गेलेलं. जखम नव्हती, रक्त नव्हतं. कातडी जणू तेवढ्यापुरती नव्हतीच. खाली होतं ते गुळगुळीत, फिकं, जरा चकाकणारं.

"काय झालं रे हे?"

"बूट लागतोय. कंपनीनं या वेळी भिकार बूट दिलेत."

"दुखत नाही?"

"काहीच नाही." त्यानं बोटानं दाबून दाखवलं. "कळतच नाही तिथे. खाली पाय जरा गार वाटतो एवढंच."

मी मलम आणलं. लावताना माझी बोटं त्या कडेवरून फिरली. कड सरळ होती.

बूट लागतात. मलाही नव्या चपला लागतात. मी रात्रभर स्वतःला हेच सांगितलं आणि सकाळी तांब्या घेऊन गेले तर शेणमाती खाली पडलेली होती. फांदीवर पुन्हा शेवाळ, पुन्हा प्लास्टिक, वर निळ्या रेघेचा मोजा. शेजारच्या फांदीवर दुसरी गुटी, तिच्यावर त्या जोडीतला दुसरा मोजा.

मी उजवा पाय बघायला गेले नाही. विराज अजून झोपला होता आणि पांघरूण पायांवर होतं.

५

श्रावणात विराज कधी नव्हे इतका छान दिसू लागला. गाल भरले, केस दाट झाले, चेहऱ्यावर तुकतुकी आली. हौसाबाई म्हणायची, परदेशाच्या नुसत्या नावानंच पोरगा सुटलाय. विष्णूनं त्याचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. मी कड्याच्या वर फुगत चाललेल्या फांद्या बघत होते. तिथे अन्न साठतं. गुटी बांधली की आधी वरचा भाग असाच टवटवीत दिसतो.

त्याच्या पोटऱ्याही सुजल्या होत्या. पावलं मात्र बारीक होत चालली होती. बूट सैल होऊ लागले म्हणून तो आत कागद घालायचा. मी त्याला पेणमधल्या आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी पायाला टाचणी टोचली, त्याला कळली नाही. त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. परत येताना विराज रिक्षात म्हणाला, "आई, तू उगीच घाबरतेस. मी निघालो म्हणून तुला सगळीकडे काहीतरी दिसतंय." त्याच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. मला राग चालला असता.

मी रोह्याच्या शाळेत शिकवते. तिथे माझ्याबरोबर आसावरी आहे, तिच्या दारातही स्पृहाचं सर्वड आहे. मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, बोलता बोलता विचारावं तसं, की गुटी बांधली आणि ती नकोशी झाली तर काय करतात?

"नकोशी कशी होईल? मागितली म्हणूनच बांधतात ना," आसावरी म्हणाली. मग तिला काही आठवलं आणि ती हसली. "माझी पहिली वाळली, माहीत नाही का तुला? स्पृहाचा फोन आला, मुळं आलीत, तोडायला या. मी दिवाळीच्या गडबडीत गेलेच नाही. नंतर गेले तर वरची सगळी फांदी वाळून कोळसा झालेली. काय चिडली होती माझ्यावर. म्हणाली, तुम्ही मागितली होतीत मावशी, माझ्या हातानं तोडून चाललं असतं का?"

तिनं डब्यातली चटणी माझ्याकडे सरकवली. मी ती घेतली. तिखट होती की नाही, आता सांगता येणार नाही.

परतीच्या एसटीत नागोठण्यापर्यंत मी मनाशी वाद घालत होते. मी रोह्याच्या शाळेतली विज्ञानाची शिक्षिका आहे. झाडाची साल आणि माणसाची कातडी यांचा संबंध काय, हे मी परीक्षेत विचारलं असतं तर मुलं हसली असती. नागोठण्याच्या पुढे वाद संपला. कारण वाद गुटी कोणी बांधली याचा नव्हताच. मी काय बोलले होते, ते मला शब्दाशब्दानं आठवत होतं.

६

गणपतीच्या आदल्या आठवड्यात प्लास्टिकच्या आतून मुळं दिसली. पांढरी, दोऱ्यासारखी, जागा शोधत एकमेकांवर चढलेली. दोन्ही गुट्यांत.

त्याच दिवसांत विराज सुकायला लागला. आधी ओठ, मग हाताच्या बोटांची टोकं. भूक गेली. कामावर जाणं बंद झालं; पायऱ्या उतरताना पाय कुठे टेकलाय ते कळत नाही म्हणाला. विष्णूनं पनवेलच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी खिडकीतून बघितलं, त्या दोन फांद्यांची शेंड्याकडची पानं कडेनं तपकिरी होत होती.

आता सोडून उपयोग नव्हता, सोडली असती तर मुळं मेली असती. ठेवून उपयोग नव्हता, ठेवली तर फांदी वाळणार. मुळं आलेल्या गुटीचं एकच करता येतं. आणि ते मागणाऱ्यालाच करावं लागतं.

दुपारची वेळ होती. हमरापूरकडून गणपतींनी भरलेला टेम्पो गेला, कोणीतरी ढोलकीवर हात चालवून बघत होतं. विराज पडवीतल्या खुर्चीत होता. विष्णू त्याच्याजवळ पेपर वाचत होता, म्हणजे पेपर धरून बसला होता. मी स्पृहाच्या खोलीतून तिची सिकेटर, फांद्या छाटायची कात्री, घेतली. त्या खोलीत जाताना मला वाटलं होतं की काही दिसेल, काही ऐकू येईल. काही नव्हतं. सिकेटरला तेल लावलेलं होतं.

झाडाजवळ मी तिला एकदाच हाक मारली. नुसतं नाव. मागच्या दाराची कडी वाजली, कोणी घाईनं आत गेल्यावर वाजते तशी. मी वळून बघितलं नाही. तोडताना तिला बघवत नसे.

कड्याच्या खाली बोटभर जागा सोडून मी पहिली फांदी कापली. अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. दुसरी कापली तेव्हा पडवीतून विराजनं "आई" म्हणून हाक मारली. लहानपणी शाळेच्या फाटकाशी मी हात सोडला की मारायचा, तशी. एकदाच.

मी धावत गेले नाही. हातात गुट्या होत्या, आणि उघडी मुळं फार वेळ वाऱ्यावर ठेवून चालत नाहीत. आधी कुंडी भरली.

७

विराज गेला नाही. पनवेलच्या डॉक्टरांकडेही जावं लागलं नाही. दोन-चार दिवसांत त्याची कांती परत आली, ओठ ओले झाले. ओमानचं विचारलं तर म्हणाला, जावंसं वाटत नाही. मग कंपनीचं विचारलं तर तेच म्हणाला. आता तो विचारल्याशिवाय काही म्हणत नाही.

गणपतीत घरी येणाऱ्यांनी त्याचं केवढं कौतुक केलं. आजकाल अशी मुलं कुठे असतात, आईबापांसाठी परदेश सोडला. एका बाईंनी माझे हात हातात घेऊन सांगितलं की देवानं एक नेलं पण दुसरं घट्ट बांधून दिलं. मी त्यांना करंज्या दिल्या.

तो पुढच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी बसतो. तिथे ऊन चांगलं येतं. शेजारी कुंडी आहे. दोन्ही गुट्या मी एकाच कुंडीत लावल्या, वेगळ्या करवल्या नाहीत. नवी पालवी फुटली आहे. सकाळी त्याला पाय बुडवायला पाण्याचं घमेलं लागतं, मग तो दिवसभर शांत असतो.

गणपतीची सुट्टी संपवून हौसाबाई अनंत चतुर्दशीनंतर एक दिवस आली. लादी पुसत खिडकीपर्यंत पोचली आणि म्हणाली, "पाय उचल रं, दादा." त्यानं उचलले नाहीत. ती पुन्हा हसत म्हणाली, साहेबाला उचलता येत न्हाई का सोता? मग घमेल्याच्या कडेनं पुसायला वाकली. वाकलेली तशीच राहिली. नंतर तिनं फडकं हळूच जमिनीवर ठेवलं, आवाज होऊ नये अशा बेतानं, आणि पुढच्या दारानं गेली. तिची छत्री अजून पडवीत आहे.

विष्णू त्या खोलीत येत नाही. परवा तो उंबऱ्याशी येऊन थांबला. मुलाकडेच बघत, माझ्याकडे न वळता त्यानं विचारलं, "तू मागितलंस का?"

मी कुंडीतली माती बोटानं चाचपत होते. वरून कोरडी झाली होती.

"वैशाली, मी विचारतोय. मागितलंस का तू?"

विराजनं मान वळवली. प्रकाशाकडून आमच्याकडे, सावकाश, आवाज कुठून येतोय ते त्याला नीट कळलं नसावं. घमेल्यातल्या पाण्यात काहीतरी पांढरं, बारीक, एकमेकांत गुंतलेलं हललं आणि स्थिर झालं. मी खाली बघितलं नाही. विष्णूनं बघितलं असावं, कारण तो उंबऱ्यावरून मागे सरकला.

मागच्या दारच्या सर्वडाकडे मी आता जात नाही. जमिनीतल्याला रोज पाणी घालावं लागत नाही. कुंडीतल्याला लागतं.